‘नाटक करते’ म्हणून सोडून दिलेला आजार



वस्तीत एखादी पोरगी अशी असतेच, जिच्याबद्दल सगळ्यांचे मत आधीच ठरून गेलेले असते. सकाळी जिच्या गळ्यात गळा घालून बसली, संध्याकाळी तिच्याशीच कडाक्याचे भांडण. नवऱ्याचा फोन दोनदा लागला नाही तर तो आपल्याला सोडूनच गेला असे धरून घर डोक्यावर घेणार. रागाच्या भरात स्वतःलाच इजा करून घेणार, एक-दोनदा गोळ्या खाल्ल्या म्हणून दवाखान्यात न्यावे लागलेले. आणि दोन दिवसांनी तीच हसतमुखाने सगळ्यांना चहा करून देते. मग आयाबाया म्हणतात, "नाटक हाय सगळं. ध्यान देऊ नका, आपोआप जिरंल." पोरगा असला तर त्याला नाटकी म्हणत नाहीत, सनकी म्हणतात, दारुडा म्हणतात, आणि तो दवाखान्याऐवजी पोलीस स्टेशनात पोचतो.

अशा प्रत्येकाला आजार असतो असे मी म्हणणार नाही. तापट माणसे असतात, घरात खरोखरच छळ सोसणाऱ्या बायका असतात. त्यांच्या रागाला आजार म्हणणे हा आणखी एक अन्याय. पण काहींना खरेच आजार असतो आणि त्याला नाव आहे: बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर. मराठी पुस्तकांत ‘सीमावर्ती व्यक्तिमत्त्व विकार’ असे लिहितात. नाव ऐकून काहीच कळत नाही, ते डॉक्टरांनाही फारसे आवडत नाही. १९३८ मध्ये अमेरिकेतील अॅडॉल्फ स्टर्न या मानसोपचारतज्ज्ञांनी हा शब्द वापरला, कारण त्या काळी मनाच्या आजारांचे दोन मोठे गट पाडत आणि हे रुग्ण दोन्हींच्या सीमेवर उभे दिसत. १९८० मध्ये अमेरिकेच्या आजारांच्या अधिकृत यादीत ते नाव आले आणि तेच चिकटले. आपल्याकडच्या केस पेपरवर कधी ‘इमोशनली अनस्टेबल पर्सनॅलिटी’ असेही लिहिलेले सापडेल. दोन्ही एकच.

डॉक्टर नऊ लक्षणे बघतात आणि त्यांपैकी किमान पाच दीर्घकाळ असली तर हे निदान करतात. कुणी आपल्याला टाकून जाईल याची जिवाला लागलेली धास्ती. आज देवमाणूस वाटलेला उद्या वैरी वाटणे, म्हणून नाती टिकत नाहीत. आपण नेमके कोण आहोत हेच न ठरणे. विचार न करता पैसे उडवणे, नशा करणे, गाडी बेफाम चालवणे. स्वतःला इजा करणे, मरणाच्या गोष्टी बोलणे किंवा तसा प्रयत्न करणे. मनाचा पारा तासातासाला वरखाली होणे. आतून कायमचे पोकळ वाटणे. आवरता न येणारा राग. आणि फार ताण आला की काही वेळ संशयाने घेरले जाणे, किंवा आपण आपल्या अंगातच नाही असे वाटणे. साधारणपणे शंभर माणसांत एक-दोघांना हा आजार असावा असा अंदाज वेगवेगळ्या देशांतल्या पाहण्यांवरून काढला जातो. सुरुवात बहुतेकदा वयात येताना किंवा त्यानंतर लगेच होते, म्हणजे नेमकी आपल्याकडे लग्न उरकून टाकतात त्या वयात.

आतून हे कसे असते, ते मार्शा लिनहन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी भाजलेल्या माणसाच्या उपमेने सांगितले आहे. भाजलेल्या अंगावर कपड्याचा शेव लागला तरी माणूस किंचाळतो; यांच्या मनाचे तसे असते. मी जळीत वॉर्डात ड्यूटी केलेली आहे, त्यामुळे ही उपमा मला कुणी समजावून सांगावी लागली नाही. ड्रेसिंग करताना ओरडणाऱ्या माणसाला आपण नाटकी म्हणत नाही.

दवाखान्यात मात्र म्हणतात. मी जीएनएमचा डिप्लोमा करून बरीच वर्षे नर्स म्हणून काम केले, आता वस्त्यांमध्ये आरोग्याचे काम करते. एका दवाखान्यात रात्रपाळीला एक विशीतली मुलगी हातावर जखमा घेऊन आली होती, त्याआधीही आलेली. तिथल्या एका ज्येष्ठ डॉक्टरांनी टाके घालायला घेताना सांगितले, "भूल नको देऊ. दुखलं म्हणजे परत करणार नाही." मी लिग्नोकेनची सिरिंज भरून ट्रेमध्ये ठेवली आणि तिथून हलले नाही. टाके भूल देऊनच पडले. पण सकाळी तिला घरी सोडताना कागदावर मानसोपचार विभागाचे नाव कुणी लिहिले नाही. जखम शिवली, केस संपली. असे अनेक जिल्ह्यांत, अनेक देशांत होते. या आजाराचे रुग्ण ‘त्रासदायक’ म्हणून ओळखले जातात आणि ज्यांनी उपचार करायचे तेच त्यांना टाळतात. टाकून दिले जाण्याची धास्ती हाच ज्याचा आजार, त्याला दवाखानाही टाकून देतो.

हा आजार होतो कशाने? एकच कारण नाही. काही लेकरे जन्मतःच हळवी असतात, हा स्वभाव काही अंशी रक्तातून येतो. त्यात लहानपणी मारहाण, लैंगिक अत्याचार, आईबापांचा वियोग, किंवा रडले की "गप बस, काही झालं नाही" असे सतत ऐकणे. पोराला खरेच काही झालेले असते, आणि घर सांगत असते की काही झालेले नाही. मग आपल्याला जे वाटते ते खरे की खोटे हेच त्याला कळेनासे होते. मात्र अत्याचार न झालेल्या मुलांनाही हा आजार होतो, म्हणून आईबापांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करू नये.

आपल्या घरांविषयी दोन गोष्टी वेगळ्या लिहायला हव्यात. गंगाखेड, पालम, सोनपेठ, जिंतूर भागातून कितीतरी कुटुंबे दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाला परततात. लेकरू कधी कोयत्याबरोबर फडात, कधी आजीकडे गावात. आई आहे आणि नाही, असे वर्षानुवर्षे. दुसरी गोष्ट अपमानाची. जातीमुळे हा आजार होतो असे म्हणायला माझ्याकडे आधार नाही आणि तसे मी म्हणणार नाही. पण शाळेत, शेतावर, भाड्याची खोली शोधताना रोज गिळलेला अपमान माणसाला घरी येऊन कुणाला तरी सांगायचा असतो, आणि घरात सगळेच तेच गिळून आलेले असतात. हळव्या लेकरासाठी मग जागाच उरत नाही.

डिसेंबर २०२४ आठवा. १० तारखेला परभणीत रेल्वे स्टेशनजवळच्या बाबासाहेबांच्या पुतळ्यापुढील संविधानाच्या प्रतिकृतीची तोडफोड झाली, ११ ला बंद, नंतर वस्त्यांमध्ये धरपकड. १५ डिसेंबरला सोमनाथ सूर्यवंशी हा कायद्याचा विद्यार्थी न्यायालयीन कोठडीत गेला. त्याच्या न्यायाची लढाई वेगळी आहे आणि ती मोठी आहे. आरोग्याच्या पानावर मला एवढेच लिहायचे आहे की त्यानंतर कितीतरी दिवस दार वाजले तरी लेकरे दचकून उठत होती, आणि त्या लेकरांना "आता कसं वाटतं?" असे विचारायला कुणी आले नाही. सगळ्यांनाच आजार जडेल असे नाही. बहुतेक लेकरे घरच्यांच्या आधाराने सावरतात. जी सावरत नाहीत, महिने उलटले तरी झोपेत ओरडतात, शाळा सोडतात, त्यांना दाखवायला हवे.

त्याच घटनेत आणखी एक झाले. तोडफोड करणारा मनोरुग्ण आहे असे सांगण्यात आले. लोक चिडले, आणि चिडण्यासारखेच होते, कारण आपल्या महापुरुषांच्या पुतळ्यांच्या बाबतीत हा शब्द ऐकून ऐकून कान किटले आहेत. पण त्या रागात ‘मनोरुग्ण’ हा शब्दच आपण शिवीसारखा वापरू लागलो. आपल्याच घरात मनाचा आजार असलेली माणसे आहेत. त्यांनी तो शब्द ऐकला आणि आणखी गप्प झाली. मनाचा आजार असलेली बहुसंख्य माणसे कुणाला इजा करत नाहीत. बॉर्डरलाइनच्या रुग्णाचा हात उठतो तो बहुतेक वेळा स्वतःवर. आणि मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम ३ मध्ये स्पष्ट लिहिले आहे की कुणाला मानसिक आजार आहे हे मान्यताप्राप्त वैद्यकीय निकषांवरच ठरवायचे. त्या माणसाची सामाजिक-आर्थिक स्थिती, तो कोणत्या समूहाचा, त्याची मते समाजाला पटतात की नाही, यावरून ठरवायचे नाही. ना कुणाला वाचवायला, ना कुणाला दडपायला.

आता उपचाराकडे वळते. सगळ्यात आधी चांगली बातमी सांगते, कारण ती रुग्णांना क्वचितच कुणी सांगते. अमेरिकेत मेरी झनारिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दवाखान्यात भरती झालेल्या २९० बॉर्डरलाइन रुग्णांची वर्षानुवर्षे पाठपुरावा करून नोंद ठेवली. दहा वर्षांत त्यांपैकी ९३ टक्के रुग्णांची लक्षणे निदानाच्या रेषेखाली आली आणि किमान दोन वर्षे तशी राहिली. काम आणि नाती दोन्ही नीट सांभाळण्याइतके पूर्ण बरे झालेले मात्र निम्मेच. म्हणजे वादळ बहुतेकांचे शमते, पण घर पुन्हा उभे करायला मदत लागते. ‘जन्मभराचा आजार, हिचे काही होणार नाही’ हे जे सांगितले जाते ते चूक आहे.

या आजारावर गोळी नाही. हे दवाखान्याबाहेर रांगेत उभ्या असलेल्या प्रत्येक आईला मी पहिल्यांदा सांगते, कारण ती गोळीसाठीच आलेली असते. उदासी, झोप न येणे, दारू असे सोबतचे आजार असतील तर त्यांची औषधे द्यावी लागतात आणि ती उपयोगी पडतात; ती आपल्या मनाने बंद करू नयेत. पण मूळ आजारासाठी म्हणून मंजूर झालेले एकही औषध नाही. इंग्लंडच्या सरकारी मार्गदर्शक सूचना २००९ पासून हेच सांगतात. आपल्याकडे होते असे की पहिल्या डॉक्टरने दोन गोळ्या दिल्या, फरक पडला नाही म्हणून दुसऱ्याने तीन वाढवल्या, आणि पोरगी दिवसभर गुंगीत. घरचे खूश, भांडण थांबले म्हणून. याला उपचार म्हणत नाहीत. औषधांची यादी वाढत चालली असेल तर "ही कशासाठी, किती दिवस?" असे डॉक्टरांना विचारायचा आपल्याला हक्क आहे.

खरा उपचार बोलण्याचा आहे, पण तो गप्पा मारण्याचा नाही. ठरलेल्या वेळी, ठरलेल्या माणसाकडे, महिनोन्महिने चालणारा. लिनहनबाईंनी त्यासाठी डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी, थोडक्यात डीबीटी, तयार केली आणि १९९१ मध्ये तिच्या चाचणीचे निकाल छापले: स्वतःला इजा करण्याचे प्रकार आणि दवाखान्यात भरती राहण्याचे दिवस, दोन्ही कमी झाले. २०११ मध्ये या बाईंनी जाहीरपणे सांगितले की आपण स्वतः सतराव्या वर्षी याच त्रासापायी मनोरुग्णालयात भरती होतो, तिथे एकांतकोठडीत ठेवले गेलो. ज्या संस्थेत त्या रुग्ण होत्या तिथेच जाऊन त्यांनी हे सांगितले. जखमांचे वळ असलेला हात लपवणाऱ्या आपल्या पोरींना हे माहीत असायला हवे.

आपल्या वाचकांना आणखी एक गोष्ट जवळची वाटेल. या उपचारात चार कौशल्ये शिकवतात: आताच्या क्षणाचे भान ठेवणे, संकटाची लाट सोसणे, भावना सांभाळणे आणि माणसांशी नीट बोलणे. त्यांतले पहिले, भानाचे, लिनहन यांनी बौद्ध झेन परंपरेतून घेतले. मनात राग उठला, तर ‘मी रागीट आहे’ असे न म्हणता ‘राग उठला आहे’ असे बघायचे. सम्मा सति म्हणजे काय हे विहारात ऐकलेल्या माणसाला हे परके वाटणार नाही.

पण यातून एक घोटाळा होतो, तो इथेच सांगून टाकते. "पोरीला दहा दिवसांच्या शिबिराला पाठवा, सगळं ठीक होईल" असा सल्ला उपासक मंडळी प्रेमाने देतात. दहा दिवस मौन, घरच्यांशी बोलणे नाही, दिवसभर बसून आतले सगळे वर येऊ द्यायचे. विपश्यना केंद्रांच्या स्वतःच्या नियमावलीतच गंभीर मानसिक आजार असलेल्यांना हे शिबिर सुचवलेले नाही, आणि अर्जात आजाराची माहिती मागतात ती याचसाठी. ती लपवू नका. घरी पाच-दहा मिनिटे श्वासाकडे लक्ष देणे, डोळे उघडे ठेवून चालत चालत भान ठेवणे, इतके बहुतेकांना चालते. त्यानेही घाबरे होत असेल तर थांबवावे आणि डॉक्टरांना सांगावे.

तुम्ही म्हणाल, ताई, हे डीबीटी परभणीत मिळते कुठे? प्रश्न बरोबर आहे. संपूर्ण प्रशिक्षण घेतलेले थेरपिस्ट मुंबई-पुण्यातही मोजकेच, आणि एका बैठकीची फी आपल्या आठवड्याच्या मजुरीइतकी. पण कॅनडातील टोरांटोमध्ये १८० रुग्णांवर एक चाचणी झाली, तिचा निकाल २००९ मध्ये आला. अर्ध्यांना डीबीटी दिली, अर्ध्यांना मानसोपचारतज्ज्ञांकडून नीट आखलेली सर्वसाधारण देखभाल: आजार समजावून सांगणे, ठरलेली भेट, सोबतच्या आजारांवर औषध, आणि रोजच्या आयुष्यातल्या अडचणींवर बोलणे. वर्षाअखेरी दोन्ही गट जवळपास सारखेच सुधारले होते. माझ्या मते आपल्या जिल्ह्यासाठी याहून महत्त्वाचा निकाल नाही. महागडा थेरपिस्ट नाही म्हणून काहीच करता येत नाही, ही सबब त्याने संपवली. पाहिजे ते इतकेच: दर महिन्याला तोच माणूस भेटला पाहिजे आणि त्याने "परत आली का ही" असे म्हणता कामा नये.

आणि हे ‘इतकेच’ मिळवणे हीच लढाई आहे. राज्यात सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालये चार: येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी. मराठवाड्यात त्यांतले एकही नाही. अर्थात या आजाराला मनोरुग्णालयात महिनोन्महिने ठेवायची गरजही सहसा नसते. गरज असते घराजवळच्या ओपीडीची. परभणीचा जिल्हा रुग्णालय हा पहिला मुक्काम, आणि २०२३ पासून परभणीला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आहे. मोठा मानसोपचार विभाग हवा तर नांदेड, अंबाजोगाई किंवा छत्रपती संभाजीनगरची घाटी. महिलांना एसटीत २०२३ पासून अर्धे तिकीट आहे, तेवढाच आधार. पण सोबत येणाऱ्या भावाचे पूर्ण तिकीट, दोघांचा बुडालेला रोज, आणि डॉक्टर त्या दिवशी शिबिराला गेलेले. तीन खेपा झाल्या की चौथी होत नाही. ऊसतोडीवाल्यांची तर सहा महिन्यांची औषधेच तुटतात. कारखान्याला निघण्याआधी डॉक्टरांना सांगून औषध आणि चिठ्ठी सोबत घ्या, जिथे फड असेल तिथल्या सरकारी दवाखान्यात ती चिठ्ठी चालते.

जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ पासून देशात आहे. त्याच्या चमूत मानसोपचारतज्ज्ञाबरोबर चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ, मानसोपचार सामाजिक कार्यकर्ता आणि नर्स अशी पदे असतात. बॉर्डरलाइनच्या रुग्णाला गोळी लिहिणाऱ्यापेक्षा या दुसऱ्या-तिसऱ्या माणसाची गरज जास्त. ही पदे आपल्या जिल्ह्यात आज भरलेली आहेत का, बैठक कोणत्या वारी, तालुक्याच्या ठिकाणी चमू महिन्यातून किती वेळा येतो, हे माहितीच्या अधिकारात विचारता येते. दहा रुपयांचे तिकीट लावून जिल्हा शल्यचिकित्सकांच्या कार्यालयातील माहिती अधिकाऱ्याच्या नावाने अर्ज करा. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला तेही लागत नाहीत. तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. महिला मंडळाच्या एका बैठकीत हा अर्ज लिहून होतो.

२०१५ मध्ये सरकारने शेतकरी आत्महत्या रोखण्यासाठी चौदा जिल्ह्यांत ‘प्रेरणा’ प्रकल्प आणला, परभणी त्यात आहे. आशाताईंनी घरोघर जाऊन मनाची विचारपूस करावी ही त्यातली कल्पना मला आवडते. फक्त विचारपूस होते ती शेतकऱ्याची. ज्यांच्या नावावर सातबाराच नाही, त्यांच्या घरातली माहेरी परत आलेली पोरगी कुणाच्या रजिस्टरात बसते? तसेच २०१५-१६ मध्ये देशाचे जे मोठे मानसिक आरोग्य सर्वेक्षण झाले, त्याच्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. आपले दुःख मोजलेच गेले नाही, तर त्याच्यासाठी पद मंजूर होणार कसे?

कायदा मात्र आपल्या बाजूने आहे, तेवढा तो माहीत करून घ्या. कलम १८ प्रमाणे सरकारी खर्चाने चालणाऱ्या मानसिक आरोग्य सेवा हा प्रत्येकाचा हक्क आहे. त्या परवडणाऱ्या, पुरेशा आणि जवळच्या ठिकाणी असाव्यात, आणि त्यांत जात, धर्म, लिंग, वर्ग यांवरून भेदभाव करता येत नाही. जात हा शब्द कायद्यात लिहिलेला आहे. दारिद्र्यरेषेखालील माणसाला सरकारी ठिकाणी हे उपचार पूर्ण मोफत, हातात पिवळे कार्ड असो वा नसो. किमान सेवा जिल्ह्यात नसतील तर जिल्ह्यातल्या दुसऱ्या सेवेत उपचार घेता येतात आणि खर्च सरकारने करायचा. अडवणूक झाली तर जिल्हा न्यायालयाच्या आवारातील विधी सेवा प्राधिकरणात जा. महिलांना आणि अनुसूचित जातीच्या माणसांना तिथे वकील मोफत मिळतो, उत्पन्नाची अट नाही.

एका भीतीपायी मात्र जीव जातात, म्हणून ती वेगळी सांगते. पोरीने काही खाल्ले तर घरचे तासन्‌तास लपवतात, "पोलीस केस होईल" म्हणून. ताक पाजतात, उलट्या काढतात, खाजगीत नेतात आणि तिथून परत पाठवतात. ऐका: दवाखान्यात नोंद होईल, पोलीस जबाब घ्यायला येतील, पण जीव देण्याचा प्रयत्न केला म्हणून शिक्षा नाही. २०१७ च्या कायद्याचे कलम ११५ सांगते की असा माणूस तीव्र ताणाखाली होता असेच धरायचे, आणि त्याची काळजी घेणे, उपचार देणे ही सरकारची जबाबदारी. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर आत्महत्येच्या प्रयत्नाचे जुने ३०९ कलम उरलेलेच नाही. सरकारी नोकराला कामापासून अडवण्यासाठी केलेला प्रयत्न तेवढा गुन्हा ठेवला आहे. तेव्हा १०८ लावा आणि थेट सरकारी दवाखाना गाठा. तिथे जीव वाचल्यावर घरी सोडण्याआधी "मानसोपचार विभागाकडे लिहून द्या" असा आग्रह धरा. कागद हातात घेतल्याशिवाय निघू नका.

घरात अशी व्यक्ती असेल तर फवारणीचे औषध घरात ठेवूच नका. शेतमालकाने ठेवायला दिले तरी नको म्हणा, नाहीतर कुलपात ठेवा आणि किल्ली दुसऱ्याकडे. गोळ्या आठवड्यापुरत्याच हाताशी. जीव देण्याचा विचार येतो का, हे सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. "हो" म्हणाली तर एकटे सोडू नका.

आणि बोलताना आधी तिचे दुःख मान्य करा, मग शहाणपण सांगा. "एवढ्याशा गोष्टीवरून?" याने आग भडकते. "तुला लई लागलं ना ते" याने उतरते. दुःख मान्य करणे म्हणजे तिने केलेले मान्य करणे नव्हे. "तू चिडलीस हे मला कळतं, पण भांडी फेकली तर मी बाहेर ओट्यावर जाऊन बसंन आणि अर्ध्या तासानं परत येईन," असे सांगा, आणि अर्ध्या तासाने खरेच परत या. परत येणे यात फार महत्त्वाचे आहे. लाट अंगावर असताना माठातल्या गार पाण्याने तोंड धुवायला सांगा, जिना किंवा गल्ली झपाट्याने चालून या म्हणा, श्वास घेताना लागतो त्याच्या दुप्पट वेळ सोडताना लावायला शिकवा. लाट चढते तशी उतरतेही. तेवढा वेळ काढायचा असतो. भांडण मिटवायची ती वेळ नव्हे, ते दुसऱ्या दिवशी सकाळी.

सांभाळणारी आई किंवा बहीणही थकते, हे कुणी लिहीत नाही. तिला एक दिवस सुट्टी द्यायला दुसरे माणूस हवे. पुण्यात भार्गवी दावर यांच्या बापू ट्रस्टने ‘सेहेर’ या कामातून वस्त्यांमध्येच शेजाऱ्यापाजाऱ्यांचा असा आधार उभा केला, आणि नाशिक जिल्ह्यातल्या गावांमध्ये ‘आत्मीयता’ या उपक्रमाने गावच्याच माणसांना ऐकून घ्यायला आणि दवाखान्याशी जोडायला शिकवले. त्यात डॉक्टर होण्याची गरज नव्हती. आपल्याकडे दर पौर्णिमेला विहारात बायका जमतातच. वंदना झाल्यावर पाऊण तास, चार-पाच जणी, कुणी ऐकले ते बाहेर बोलायचे नाही या एकाच नियमावर. दोन वस्त्यांमध्ये आम्ही हे सुरू केले आहे आणि जी सगळ्यांत आधी बोलली ती सासू होती, सून नव्हे.

देवऋषी आणि सैलानीच्या वाऱ्यांबद्दल जास्त लिहीत नाही. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरातूनही रात्रीच्या अंधारात माणसे जातात, मला माहीत आहे. माणूस घाबरला की मिळेल तो दरवाजा ठोठावतो, म्हणून मी त्यांना बोल लावत नाही. बांधून ठेवायचे म्हणाले तर मात्र तिथून उठा. ऑगस्ट २००१ मध्ये तमिळनाडूत एरवाडीला साखळ्यांनी बांधलेले २८ मनोरुग्ण आगीत पळता न आल्याने जळून गेले. आजच्या कायद्यात कलम ९५ प्रमाणे कुणालाही कोणत्याही प्रकारे साखळीने बांधता येत नाही, देवस्थानात नाही आणि घरातही नाही.

आज रात्रीच कुणाशी बोलायचे असेल तर टेलि-मानसचा नंबर १४४१६. सरकारी सेवा आहे, ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, चोवीस तास, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येते. फोन रुग्णानेच करायला हवा असे नाही, आईने केला तरी चालतो. ओपीडीला जाताना जुने सगळे कागद, खाऊन संपलेल्या गोळ्यांची रिकामी पाकिटेसुद्धा, एका पिशवीत घाला, आणि मागच्या महिन्यात काय काय झाले ते वहीच्या एका पानावर लिहून न्या, कारण डॉक्टरांपुढे पाच मिनिटे मिळतात आणि त्यात रडूच येते. मुलीला बाहेर बसवून तुम्ही बोलू नका. आधी तिला एकटीला आत जाऊ द्या. निघताना पुढची तारीख केस पेपरवर लिहून घ्या आणि आज जे भेटले त्यांचे नावही, म्हणजे पुढच्या खेपेला त्यांच्याच खोलीपुढे नंबर लावता येतो.